त्यांना माझे पाणी नको होते

माझ्या पोटात पाणी नसले की मला काही सुचत नाही, मित्रांनो. झारीचा जन्मच तसा. रिकामी झारी म्हणजे उगाच जागा अडवणारा पत्रा. आता माझ्या बुडाला गंज चढला आहे, मूठ एका बाजूला कलली आहे, आणि माझा रंग कधीकाळी हिरवा होता हे मी सांगितले तरच तुम्हाला कळेल. पण मला सांगायची आहे ती गोष्ट गंजाची नाही. ती हेव्याची आहे.

एका पत्रेवाल्याने मला घडवले. पत्रा कापून त्याने गोल वळवला, जोडावर डाख दिला, तोटी बसवली. तोटीच्या टोकाला जाळीचे तोंड लावले आणि त्यात खिळ्याने एकेक भोक पाडले. तेवढ्यात कोणीतरी त्याच्याशी गप्पा मारायला आले असावे, कारण डाव्या कडेची भोके तिरपी पडली. तेव्हापासून माझी बाकीची धार सरळ पडते आणि डावीकडचा एक तुषार भलतीकडेच जातो. मला धरणाऱ्याचा डावा पाय भिजलाच म्हणून समजा.

मला विकत घेतले ते घरीच कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचे शिवणयंत्र होते आणि खिडकीबाहेर छोटेसे अंगण. अंगणात नळ, नळाखाली मी. गुलाब, शेवंती, पुदिना, दोन-चार मिरचीची झाडे आणि कडेला कमरेएवढी भिंत. सकाळी यंत्रावर बसण्याआधी ताई मला काठोकाठ भरत असे. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि हातात मी, अशी ती अंगणभर फिरे. कपडे घालून बघायला आलेली माणसे खिडकीतून गुलाब बघत आणि विचारत, ताई, काय घालता हो यांना? ताई माझ्याकडे हात करून म्हणे, सगळी या झारीची करणी. मित्रांनो, त्या काळात मी पत्र्याची आहे हे विसरूनच गेले होते.

मग ताईची धाकटी बहीण परत आली.

ताई तिला चिंगी म्हणत असे, जरी चिंगीच्या केसांत पांढरी बट दिसू लागली होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनेच तिला वाढवले, शिकवले आणि दूरच्या गावी औषधांच्या कारखान्यात कामाला पाठवले. आता तो कारखाना बंद पडला होता. चिंगी एक पिशवी आणि एक पसरट ट्रे घेऊन दारात उभी राहिली. ताईने पिशवी घेतली, गालावरून हात फिरवला आणि जेवून घे म्हणाली. चिंगीने मात्र आधी ट्रेवरचा कागद काढला.

त्यात मी कधी न पाहिलेली रोपे होती. फूल नव्हते, पण पानेच फुलासारखी गोल मांडलेली, एकावर एक, मधोमध घट्ट मिटलेली. पाने जाड, रसाने भरलेली. कोणी फिकट निळे, कोणी राखाडी, कोणाच्या टोकांना गुलाबी कड. अंगावर पीठ चाळल्यासारखी पांढरी भुकटी. ती सक्युलंट जातीची रोपे होती, पण पुढे सगळे त्यांना हिरवे गुलाबच म्हणू लागले. चिंगीने ती सकाळचे ऊन येणाऱ्या भिंतीवर मांडली.

घरी पाहुणा आला की पाणी देतात. मीही तयार होते. ताईने मला भरले आणि भिंतीपाशी नेले. तोटी वाकणार तेवढ्यात चिंगीने माझ्या तोंडावर तळहात ठेवला.

"यांना नको गं ताई. माती पुरती कोरडी झाली की मग द्यायचं, तेही मुळाशी. वरून घातलं तर पाणी पानांत साचतं आणि रोप सडतं."

ताई हसली आणि मागे फिरली. मला मात्र तो तळहात झोंबला. आजवर कोणी माझे तोंड धरले नव्हते.

त्या रोपांसाठी चिंगीने एक लांब चोचीची बाटली ठेवली होती. पाने जराशी मऊ पडली की ती पान अलगद बाजूला करून मातीत चोच खुपसे आणि पाणी देई. त्या बाटलीत ओंजळभरही पाणी मावत नव्हते. पण तिला खिडकीच्या कठड्यावर जागा होती आणि मी नळाखालच्या चिखलात. मी तिच्याकडे बघायचेच सोडून दिले.

दुखत होते ते वेगळेच. खिडकीतून बाहेर बघणारी माणसे आता गुलाबांवरून नजर फिरवत आणि भिंतीवर थांबत. अगं बाई, ही खरी आहेत का? कोणी लावली? मग चिंगी हातातले काम टाकून बाहेर येई आणि सांगत बसे. भुकटीला बोट लावू नका, ती पुसली की पुन्हा येत नाही आणि पान उन्हाने भाजते. मातीत निम्मी वाळू आणि बारीक खडी हवी. कुंडीला खाली भोक हवे. खालची वाळलेली पाने काढून टाका, नाहीतर तिथे किडे लपतात. माणसे माना डोलवत. आत ताई तोंडात टाचण्या धरून उभी राही, कारण ज्यांच्या कपड्याचे माप घ्यायचे ते अंगणात असत.

एकदा ताईने गुलाबाचे एक टपोरे फूल मुद्दाम खिडकीत ठेवले. कोणी विचारले नाही. त्या सकाळी तिने मला इतक्या जोरात खाली ठेवले की माझ्या कुशीला पोचा पडला. मला राग आला नाही. उलट बरे वाटले. माझ्यासारखेच आणखी कोणी जळत होते.

येणाऱ्यांमध्ये वाचनालयाच्या ग्रंथपालबाई होत्या. वाचनालयाच्या दारासमोर एक लांबट वाफा होता. तिथे नळ पोहोचत नसे आणि लावले ते झाड वाळून जाई. त्यांनी चिंगीला विचारले, तो वाफा तू करशील का? जमला तर आतल्या चौकाचे कामही तुझेच.

चिंगीचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उजळलेला पाहिला. दुसऱ्या दिवसापासून ती पानांपासून नवी रोपे करू लागली. खालचे एक निरोगी पान धरून ती डावी-उजवीकडे हलके हलवी, मग ते देठासकट सुटून येई. तुटके पान चालत नसे. ती पाने कोरड्या मातीवर नुसती पसरून ठेवायची आणि वाट बघायची. काही आठवड्यांनी पानाच्या बुडातून गुलाबी दोऱ्यासारखी मुळे निघत आणि त्यांच्याजवळ सदऱ्याच्या बटणाएवढे नवे रोप. जुने पान आपला सगळा रस त्याला देई आणि सुकून जाई. बघता बघता भिंत ट्रेंनी भरली.

एका संध्याकाळी चिंगी ताईला म्हणाली की वाचनालयामागे एक खोली रिकामी आहे, काम मिळाले तर तिकडेच राहीन म्हणते. ताई म्हणाली, बघ बाई तुला काय बरं वाटतं ते. आणि यंत्र जोरात चालवू लागली. त्या दिवशी तिने एक बाही उलटी शिवली.

मग दुपारी चिंगी वाफा खणायला वाचनालयात जाऊ लागली आणि अंगणात ताई आणि मी उरलो.

पहिल्यांदा ताई मला घेऊन भिंतीपाशी आली तेव्हा ती बराच वेळ नुसती उभी होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली की बिचाऱ्यांच्या घशाला कोरड पडली असेल. आणि तिने मला वाकवले. मित्रांनो, खोटे बोलणार नाही, इतका आनंद मला गुलाबांना पाणी घालतानाही कधी झाला नव्हता. त्या निळ्या पानांवरून भुकटी धुऊन गेली. प्रत्येक रोपाच्या मधल्या खोबणीत माझे पाणी चमकू लागले. घ्या, मी मनात म्हटले, आता प्या माझ्या हातचे.

त्यानंतर चिंगी बाहेर पडली की ताई मला भरत असे. ताईला सगळे ठाऊक होते. चिंगीने तिच्यासमोरच दहा जणांना सांगितले होते. पण रोपे आधी सडली नाहीत, उलट टम्म फुगली. ताई त्यांच्याकडे बघे आणि तिला वाटत असावे, बघा, माझ्या हाताने कशी भरली. मलाही तसेच वाटत होते. कठड्यावरच्या त्या चोचवालीकडे मी आता मान वर करून बघत होते.

आणि एका सकाळी चिंगीने एका रोपाला हात लावला तर त्याची खालची पाने गळून पडली. पाने पिवळी, काचेसारखी पारदर्शक झाली होती. तिने दुसरे उचलले. त्याचा दांडा काळा पडून मऊ झाला होता आणि वाईट वास येत होता. तिने सगळे ट्रे खाली उतरवले. बटणाएवढी पिल्ले तर जवळजवळ सगळीच गेली होती. वाचनालयाचा वाफा तयार होता आणि त्यात लावायला अर्धीही रोपे धड नव्हती.

चिंगी ओरडली नाही. ती अंगणात मांडी घालून बसली, समोर कागद पसरले आणि रोपे उपटून ठेवू लागली. ज्यांचा शेंडा अजून चांगला होता त्यांचा सडका दांडा कापून टाकायचा, एवढाच उपाय होता. ती घरातली जुनी सुरी घेऊन कापत होती आणि बोथट सुरीने दांडे चिरडले जात होते.

ताई दारातून बघत होती. मग आत गेली आणि तिची कपड्याची कात्री घेऊन आली. या कात्रीला ताई कोणाला हात लावू देत नसे. त्या कात्रीने कागद कापला म्हणून एका शेजारणीशी ताई वर्षभर बोलली नव्हती. ती कात्री तिने चिंगीसमोर ठेवली.

"हिने काप."

"ताई, ही कपड्याची आहे."

"माहीत आहे मला." ताई तिच्यासमोर बसली. "पाणी मी घातलं, चिंगे."

चिंगी कात्रीकडे बघत होती. "मघाशीच कळलं. सगळ्या ट्रेंच्या डाव्या बाजूला जास्त सडलंय. ही झारी तशीच गळते."

माझे नाव निघाले, मित्रांनो. किती दिवसांनी निघाले, आणि कशासाठी.

ताई म्हणाली, "लोक येतात माझ्याकडे आणि विचारतात तुला. मी जळले. आणि तू खोली बघितलीस. मला वाटलं, काम नाही झालं तर राहील इथेच."

आता चिंगीच्या डोळ्यांत पाणी आले, पण आवाज कडक होता. "लहानपणापासून तुझं हेच. मी नको म्हटलं तरी तू ताटात वाढायचीस. पोट दुखेस्तोवर. तुझ्यापुढे नाही म्हणायची मला चोरी होती. ही रोपं तरी काय वेगळं म्हणत होती? दुसऱ्याचं माप घेऊन कपडे शिवतेस ना तू? मग माझं माप कधी घेतलंस?"

 ताईने एक रोप उचलले आणि चिंगीने कापायला सुरुवात केल्यावर ते नीट धरून ठेवले. काळी वलये संपून दांडा आतून स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत कापायचे होते. दोघी दुपारपर्यंत कापत राहिल्या. 

कापलेले शेंडे सावलीत कोरड्या कागदावर ठेवले. माती नाही, पाणी नाही. कापलेली जागा वाळून तिच्यावर खपली धरेपर्यंत काहीच करायचे नसते. ते दिवस ताईला फार जड गेले. चिंगी तिच्याशी कामापुरते बोलत होती. ताई सारखी येऊन कागदापाशी वाके, मग माझ्याकडे बघे आणि हात पाठीमागे धरून परत जाई. मला वाटे, एकदा तरी उचल मला. तिने उचलले नाही.

खपली धरल्यावर चिंगीने शेंडे वाळू-खडीच्या कोरड्या मातीवर टेकवले. काही रुजले, काही वाळले. फेकून द्यायचे म्हणून कोपऱ्यात टाकलेल्या काही बुंध्यांना मात्र कडेने नवी पिल्ले फुटली. ती ताईने पाहिली आणि चिंगीला हाक मारून दाखवली. त्या दिवशी दोघींनी बऱ्याच दिवसांनी एकत्र चहा घेतला.

चिंगीने ग्रंथपालबाईंना खरे तेवढे सांगितले की रोपे अर्धी गेली. कशाने गेली ते सांगितले नाही. बाई म्हणाल्या, अर्धा वाफा कर, बाकीचा पुढे बघू. लावायच्या दिवशी ताई शिवणकाम बंद ठेवून सोबत निघाली आणि मलाही बरोबर घेतले. मी हरखून गेले. पण माझ्या पोटात त्यांनी खडी भरली होती. वाचनालयापर्यंत मी खुळखुळत गेले, आणि तिथे ताईने माझ्यातली खडी मुठीमुठीने काढून रोपांभोवती पसरली. पाणी कोणी घातलेच नाही. असा अपमान माझा कधी झाला नव्हता.

तो अर्धा वाफा तगला, चिंगीला चौकाचे काम मिळाले आणि ती त्या खोलीत राहायला गेली. ताईने अडवले नाही. ती गेल्यावर आठवडाभर यंत्र मंद चालत होते. जाताना चिंगीने एक ट्रे भिंतीवर ठेवला होता. ताई आता रोज एक पान चिमटीत धरून बघते. पान टणक असले की परत फिरते. मऊ, सुरकुतलेले लागले की माझे जाळीचे तोंड काढून ठेवते आणि तोटीची बारीक धार मुळाशी सोडते, खालून पाणी गळेपर्यंत. मग पुन्हा कितीतरी दिवस नाही. सुट्टीच्या दिवशी चिंगी येते तेव्हा दोघी भिंतीपाशी गप्पा मारतात आणि माणसे खिडकीतून दोघींनाही विचारतात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाला काही देण्याआधी मातीत बोट घालून बघा. ओली असली तर मागे फिरा. नको म्हणणाऱ्याचे नको खरे माना. आणि माझ्यासारखी झारी घरात असेल तर काम झाल्यावर पाणी ओतून टाका, तिला उपडी ठेवा. साचलेले पाणी मला आतून खाते.

कधी कधी सकाळी ताई हातात काहीच न घेता त्या भिंतीपाशी येऊन बसते. रोपांना काही नको असते, तिलाही काही करायचे नसते. तरी बराच वेळ बसते. मी नळाखालून बघते. मला अजून तसे बसता येत नाही.