मानाची शेपटी आणि पेट्रोलची नळी

होडीच्या इंजिनाची पेट्रोलची नळी बदला, असं रायखान नवऱ्याला, कोशेरबायला, तळ्यावरचा बर्फ वितळल्यापासून सांगत होती. लेकीने, उलमेकेनने, अल्मातीहून नवी कोरी नळी आणूनही दिली होती. पण नवी वस्तू वापरायची म्हटली की कोशेरबायच्या जिवावर यायचं. "एवढी चांगली नळी उन्हात खराब करू?" म्हणत त्याने ती दिवाणाखाली सरकवली. जुनीला नुसत्या भेगा पडल्या होत्या, आणि भेगांवरचा इलाज त्याला ठाऊक होता. त्याचे वडील खोगिराचे पट्टे मेंढीच्या चरबीने चोळून मऊ ठेवायचे. पट्टे चामड्याचे आणि नळी रबराची, याचा विचार वडिलांना कधी करावा लागला नव्हता, कारण वडिलांकडे होडी नव्हती.

मुलीच्या सोयरिकीसाठी घरात दुंबा, म्हणजे चरबीच्या जाड शेपटीचा मेंढा, कापला होता. त्याच्या शेपटीच्या गोळ्यातून कोशेरबायने गुपचूप मूठभर चरबी काढली, नळीला सढळ हाताने चोपडली आणि वरून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी गुंडाळून घट्ट शिवून टाकली. नमद्याने आपले तंबू जपले, उंट जपले, मग एवढीशी नळी जपायला त्याला काय धाड भरली होती?

बल्खाश तळ्याच्या पलीकडच्या काठावरून मुलाच्या बापाला, दाउलेतखानला, आणायला कोशेरबाय आणि रायखान होडी घेऊन गेले. दाउलेतखान म्हणजे घोड्यांच्या मोठ्या कळपाचा मालक. पाण्याला मनातून घाबरायचा आणि ते कुणाला कळू नये म्हणून सारखा आठ्या घालून बसायचा.

"या, व्याहीबुवा!" त्याने होडीत पाय टाकताच कोशेरबाय म्हणाला.

"व्याही कोण? शेपटीची चरबी आणि कलेजी तोंडात पडली की व्याही. तोवर मी पाहुणा. पाहुणा उठून परतही जातो."

बोलणं कडू असलं तरी खरं होतं. मुलीकडच्यांनी भरवलेला तो घास पोटात गेला की सोयरीक पक्की, मग ती मोडायची कुणाची छाती नाही. त्याआधी मात्र जराशा खोटीवरून मुलाकडचे उठून जात. उलमेकेनचा त्या मुलावर जीव होता. ती सकाळपासून घराजवळच्या काठावर वाट पाहत उभी होती.

ऐन मधोमध इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

कोशेरबायने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

"काय झालं?" दाउलेतखानने होडीची कड दोन्ही हातांनी पकडली.

"काही नाही. जरा दम खातंय."

"माझे घोडेही दम खातात. पण त्यांच्यावरून उतरता येतं."

धीर यावा म्हणून दाउलेतखानने सिगारेट तोंडात धरली आणि खिशातून काडेपेटी काढली. तेवढ्यात रायखानला वास आला. तिने झडप घालून त्याच्या ओठांतली सिगारेट उपटली आणि तळ्यात भिरकावली. मुलीच्या आईने मुलाच्या बापाशी असं वागल्याचं त्या काठावर कुणी ऐकलं नव्हतं.

"नमदा पेट्रोलने निथळतोय!" ती ओरडली. "एका काडीत तिघांचा कबाब झाला असता!"

कोशेरबायने सुरीने शिवण उसवली. आत नळी उकडलेल्या आतड्यासारखी फुगून लिबलिबीत झाली होती आणि फाटली होती. दाउलेतखानने नाक पुढे केलं.

"ही चरबी कसली?"

"मेंढीची."

"कुठल्या मेंढीची?"

कोशेरबाय सुरी पुसू लागला. रायखानने कपाळावर हात मारला. "अहो! पाहुण्यांसाठी ठेवलेल्या शेपटीतली?"

"मूठभरच घेतली गं..."

"म्हणजे पहिला घास इंजिनाला!" दाउलेतखान कडाडला. "मग पोरगीही त्यालाच दे! वळव होडी. मला घरी सोड."

"वळवायला ती आधी चालायला हवी," रायखान म्हणाली आणि बाउरसाकच्या, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पिशवीच्या तळातून तिने नवी नळी काढली. "घ्या. तुमच्याबरोबर निघताना मी दुसरी सोय करूनच निघते."

कोशेरबाय निमूटपणे कामाला लागला. टाकीतून पेट्रोल वर चढवणारा रबरी फुगा त्याने पुसायची सोय नव्हती म्हणून तसाच, जुन्या नळीवरून ओघळलेल्या चरबीसकट, नव्या नळीला जोडला आणि क्लिपा आवळल्या. नळी कडेला घासू नये, पायाखाली येऊ नये, म्हणून रायखानने ती आतल्या बाजूने बांधून घेतली. मग तिला वल्हं धरावं लागलं, कारण वारा होडीला बोरूच्या बेटात ढकलत होता. फुगा दाबायला एकच माणूस उरला.

"दाबा," कोशेरबाय म्हणाला.

"हुकूम सोडू नकोस!" म्हणत दाउलेतखानने दाबला. चरबी आणि पेट्रोल त्याच्या मनगटापर्यंत ओघळलं.

"आणखी. कडक होईपर्यंत."

"घोडीचं दूध काढणं याहून सोपं आहे!"

दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं. कोशेरबायने सुकाणू धरलं, पण वळवेना.

"कुठे नेऊ?" त्याने विचारलं. "घरी म्हणालात तर घरी सोडतो. पण मूर्ख मी आहे. माझ्या मूर्खपणाचा दंड पोरीला नका देऊ. तिने तर नवी नळी आणून दिली होती."

दाउलेतखान आपल्या बरबटलेल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तोंड पुढे कर."

थोबाडीत बसणार, हे धरूनच कोशेरबायने डोळे मिटले. दोन्ही जाड पंजे त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरले. सोयरीक ठरली की व्याह्यांनी एकमेकांच्या तोंडाला शेपटीची चरबी फासायची आणि हसायचं, ही तिथली रीत. ज्याच्याशी नातं जोडायचं नाही, त्याच्या तोंडाला कोणी हात लावत नाही.

"घास तुझ्या घरी खाईन," दाउलेतखान म्हणाला. "शेपटी काही उरली असेल तर."

रायखान वल्हं टाकून मोठ्याने हसू लागली. कोशेरबायला रडूच आलं. डोळे पुसायला त्याने बाही वर केली.

"पुसू नका," रायखान म्हणाली. "काठावरून दिसू दे पोरीला."

म्हणून कोशेरबाय चरबीने माखलेलं तोंड घेऊन उभा राहिला आणि उभ्यानेच होडी हाकत घराकडे निघाला.