पायाखालचा ओवा

पान म्हणावं तर तिळाएवढं, आणि तेही वाळून बोटाच्या पेराला चिकटून आलेलं... शिवगंगाबाईंनी ते उन्हाकडे धरलं. दगडांच्या आळ्यातलं रोप मधोमध काळं पडलं होतं. आठ दिवसांवर त्यांच्या यजमानांचं, वीरण्णांचं पुण्यस्मरण आलं. चाकूरच्या शेतात, जिथं त्यांना लिंगायतांच्या रीतीनं हातावर लिंग ठेवून मातीत बसवून समाधी दिली, तिथं यातली एक जिवंत फांदी लावायची, एवढं एकच त्यांनी दिवाळीपासून मनात धरलं होतं.

रोप दिलं शेजारच्या इंजिनिअरसाहेबांच्या बायकोनं. बाई उटीकडची. लातूरचा जिल्हा झाला तशी नवी कचेरी आली, नवी क्वार्टरं आली, कुठकुठली माणसं आली आणि बदली होऊन गेलीही. जाताना तिनं ओल्या फडक्यात चार काड्या आणून दिल्या. थाइम म्हणतात, म्हणाली. जमिनीसरपट वाढतं. ‘पानी कम, अम्मा, पाँव ज़्यादा. इस पर चलना.’ म्हणे चलना! जित्या रोपावर पाय देतं का कुणी? पण काडी चुरगळली आणि ओव्याचा वास आला — अगदी ओव्याचा — आणि शिवगंगाबाई तिथंच अडकल्या. का, ते त्यांनी सुनेलाही सांगितलं नाही.

बारका ओवा, त्यांनी नाव ठेवलं. पाऊस तिसऱ्या वर्षी रुसलेला, टँकर एक दिवसाआड. रोपाला पाणी मागायचं कुणाला? मग त्यांनी आपल्याच वाटणीतलं दिलं. सकाळी हातावरच्या लिंगाला घातलेलं पाणी — पळीभर तोंडात, उरलेलं वाटीभर रोपाला. एक दिवस खाडा नाही. आणि तीर्थ पडलेल्या जागी पाय पडू नये, म्हणून भोवती दगड मांडले. एकदा मुलाचा, बसवराजचा जोडा दगडाला लागला तर केवढं बोलल्या त्याला! कचेरीतला कारकून, मान खाली घालून उभा राहिला बिचारा.

एवढं जपलं, आणि हे असं.

“आत्या, आत या, ऊन लई हाय,” सून महानंदा दारातून म्हणाली. “हाव,” त्या म्हणाल्या, आणि उठताना त्यांची नजर दगडांच्या पलीकडे गेली.

दगडांखालून दोन-तीन काड्या कधीतरी बाहेर निसटल्या होत्या. त्यांचा हिशेब त्यांनी सोडूनच दिला होता, कारण पुढं फाटक, आणि फाटकाशी टँकर. घागरी घेतलेल्या बायांच्या टाचा, पोरांचे पाय, सायकली... त्या मुरमाड, करपलेल्या जमिनीवर, जिथं त्यांनी थेंबभर पाणी घातलं नव्हतं, तिथं हिरवी सतरंजी पसरली होती. वावभर, दोन्ही हात पसरावेत एवढी. रोज सगळं गाव तिच्यावरून जात होतं, आणि जिथं जिथं काडी मुरमात दाबली गेली तिथं तिथं तिनं मूळ धरलं होतं. शिवगंगाबाई बघतच राहिल्या.  काय म्हणावं याला... जपलेलं कुजलं, तुडवलेलं वाढलं. कधीपासून हे असं चाललं होतं, आणि आपण रोज पाठ करून तीर्थ घालत बसलो!

त्यांनी वहाणा काढल्या. एक पाय उचलला, आणि तो तसाच राहिला. कारण आता एक नवंच समोर आलं — समाधीवर हे लावलं, तर तिथं पाय कोण देणार? तिथं तर पोरंही लांबून वळसा घालतात. दिला नाही तर मरेल, आणि द्यायचा म्हणजे... ते खाली बसलेत. त्यांच्यावर?

पाय टेकला. वास वर आला.

...दुकानातली पोती उचलून कंबर धरायची त्यांची. ओवा घालून कढवलेलं तेल पाठीला चोळून झालं की पालथे पडून म्हणायचे, “दे पाय.” नवऱ्याच्या अंगावर पाय! पहिल्यांदा त्या रडल्याच होत्या. मग भिंतीला हात टेकून हळूच चढायच्या, एक पाय, मग दुसरा, आणि खालून एक लांब उसासा यायचा, सुखाचा. उतरल्या की वाकून नमस्कार करायच्या. ते हसायचे, “आधी तुडवती, अन् मग पाया पडती.” रात्री अंथरुणात आपल्याच तळव्यांना ओव्याचा वास येत राहायचा. कुणाला सांगणार असलं?

“आत्या, काय करायलात तिथं?” महानंदाची हाक पुन्हा आली.

 एक पाय हिरव्यावर होता, दुसरा अजून मुरमावर. डोळे मिटून शिवगंगाबाईंनी फाटकाच्या भिंतीला हात टेकला.