निळ्या गाडीचा गारवा

मित्रांनो, शाळेत जाताना तुम्हाला त्या तारेच्या कुंपणाआड एक निळी गाडी दिसते ना, ती मी. मी आता बरीच जुनी झाले आहे. आपली गोष्ट सांगावी असं काही मोठं माझ्या हातून घडलेलं नाही. मोठमोठे घाट चढलेल्या, दूरदूरचे प्रदेश पाहिलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. खरं तर बोलायला हवं त्यांनी. तरी सांगते. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या बॉनेटखाली गार हवेचं यंत्र बसवलं. त्यात एक गॅस फिरतो. तो गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. (गाडीच्या पोटात गॅस म्हटल्यावर तुम्हाला हसू येणार, हे मला ठाऊक आहे. हसा.) माझ्या वेळी सगळ्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. पुढे कळलं की तो हवेत सुटला की आकाशातल्या ओझोनच्या थराला इजा करतो. मग त्याच्या जागी नवा गॅस आला. या दोघांचं एकमेकांशी मुळीच जमत नाही. दोघांना लागणारं तेल वेगळं. गॅस भरायच्या तोंडाची घडणही वेगळी. जुन्या गॅसच्या तोंडाला आटे असतात आणि नव्याचं गुळगुळीत असतं, त्यावर नळी दाबली की टचकन बसते. शिवाय बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते. आत कोणता गॅस आहे ते तिच्यावर छापलेलं असतं.

मला घेतलं ते एका चष्मेवाल्यांनी. घेतलं ते केवळ माझ्या गारव्यासाठी. त्यांच्या मुलीला जन्मापासून घाम येत नसे. तुम्ही खेळलात की घाम येतो आणि अंग निवतं. तिचं अंग निवायचंच नाही, तापत जायचं. ती सतत गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळून असे, म्हणून तिच्या आजोबांनी तिचं नाव ठेवलं होतं मासोळी. हे आजोबा म्हणजे आईचे वडील. ते दूरच्या शहरात राहत.

माझ्यामुळे मासोळी भर दुपारी शाळेतून घरी येऊ लागली, वाचनालयात जाऊ लागली. मागच्या सीटवर बसली की दोन्ही हात गार हवेच्या झडपेसमोर धरायची आणि म्हणायची, "गाडीताई, अजून थोडं." मला कुणी ताई म्हणावं, याचं तेव्हा फार अप्रूप वाटे. अजूनही वाटतं.

चष्मेवाले माझी फार काळजी घेत. दिवसभर आपल्या चष्म्यांच्या दुकानात काचा पुसून त्यांच्या हाताला पुसायची सवयच लागली होती. सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून ते आतला कोपरान् कोपरा पुसत.

"इंजिनाचाही नंबर काढणार का आता?" मासोळीची आई खिडकीतून विचारायची.

"काढतो की. त्याला जवळचं दिसत नाही," ते म्हणायचे आणि पुसत राहायचे.

त्या पुसण्यात पट्टीवरची अक्षरं हळूहळू फिकी झाली आणि एके दिवशी उरलीच नाहीत. पट्टी मात्र लखलखीत राहिली.

पुढे जुना गॅस मिळेनासा झाला. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्या दोन्ही तोंडांवर नव्या घडणीची तोंडं बसवली आणि म्हणाले, "बाहेरचं झालं. आतलं काम राहिलंय. तेल आलं की गॅस काढून नवा भरू." पण त्याच आठवड्यात मिस्त्री आजारी पडले. त्यांचं दुकान बंद झालं ते कायमचंच. माझ्यात जुना गॅस होता, गारवा चालू होता, त्यामुळे राहिलेलं काम सगळे विसरून गेले.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आजोबा इस्पितळात होते. त्यांचा फोन आला. माझ्या सीटवर बसूनच मासोळीने तो घेतला.

"मासोळे, ये बघू लवकर. इथल्या सिस्टरबाई मला हसूसुद्धा देत नाहीत. म्हणतात, टाके तुटतील."

"मग मी रडके विनोद सांगीन, आजोबा."

"चालेल. पण उशीर नको करूस हं."

शेवटचं वाक्य ते हळू बोलले. आजोबांना डोळे भरून पाहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

नेमका तेव्हाच माझा गारवा कमी झाला होता. चष्मेवाले मला एका नव्या गॅरेजात घेऊन गेले. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, कोरी पट्टी पाहिली आणि गुळगुळीत तोंडं पाहिली.

"गाडी जुन्या काळातली दिसते. गॅस बदललाय ना, काका?"

"तोंडं तर बदललीत."

"तोंडाचं नाही विचारत. आतलं? नक्की माहीत नसेल तर मोठ्या वर्कशॉपमध्ये तपासायचं यंत्र आहे. तिथे रांग असते, संध्याकाळपर्यंत गाडी ठेवावी लागेल."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बदललाय," ते म्हणाले. "मी तिथेच उभा होतो."

मी ओरडले असते, मित्रांनो. पण मला हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

माझ्यात उरलेल्या जुन्या गॅसवरच नवा भरला गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सुरुवातीला हवा छान गार येत होती. मासोळी विनोद पाठ करत होती. पण नवा गॅस जुन्या तेलाला आपल्यासोबत फिरवत नाही. गॅस दाबून फिरवणारा माझा कॉम्प्रेसर आतून कोरडा पडत चालला होता. उजाड माळावर तो करकरला आणि अडकून बसला. पट्टा जळल्याचा वास आला. झडपेतून गरम हवा येऊ लागली. चष्मेवाले बटण फिरवत राहिले. मासोळीचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि ती पाठ करायची थांबली होती.

पुढे पेट्रोलपंप होता म्हणून बरं. तिथल्या बाईंनी आपल्या खोलीतला पंखा मोकळा करून दिला, बादल्या भरून आणल्या. आईने मुलीला ओल्या चादरीत गुंडाळलं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं की उन्हं उतरेपर्यंत तिला हलवू नका. उन्हं उतरण्याआधीच इस्पितळातून फोन आला. आईने तो घेतला आणि बोलता बोलता ती पंखा असलेल्या खोलीपासून लांब उन्हात जाऊन उभी राहिली.

मला नंतर मोठ्या वर्कशॉपमध्ये ओढत नेलं. तिथे माझ्या तोंडाला एक नळी जोडली. "दोन्ही गॅस आहेत," तिथली कारागीर म्हणाली. "आधी तपासलं असतं तर चहा निवायच्या आत कळलं असतं, काका." काका आपला चष्मा पुसत राहिले. माझ्या यंत्राचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मासोळी दुपारची घरातच असते.

परवा पहाटे मासोळी आणि तिचे बाबा माझ्यात येऊन बसले होते. कुठे जायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "मला नक्की माहीत नव्हतं गं, मासोळे."

तिने समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"मग तसं म्हणायचं ना, बाबा."

मित्रांनो, मला पुसा, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझ्याइतकी पुसलेली गाडी तुम्हाला शोधून सापडायची नाही. मागणं एवढंच आहे की आमच्यात काही भरण्याआधी, आत काय आहे ते तपासा. आणि कुणी विचारलं नि तुम्हाला माहीत नसेल, तर माहीत नाही म्हणा. त्याने फार तर संध्याकाळपर्यंत उशीर होतो. त्या संध्याकाळी आजोबा अजून होते.