आठ ठोक्यांचं घड्याळ

या, जरा सरकून जवळ बसा. झांजा खाली ठेवतो आणि आमच्या मठातल्या घड्याळाची गोष्ट सांगतो. ऐकून डोकं गरगरलं तर मला बोल लावू नका, आमचंही गरगरलं होतं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या मठात दर सोमवारी आक्कांचं कीर्तन असतं. एका सोमवारी शांतादेवींनी घरातलं पितळी घड्याळ आणून तिथल्या भिंतीवर लावलं. गोल, जाड काचेचं, तव्याएवढं. त्यांचे यजमान शशिधर जहाजावर नोकरीला होते, तिथलंच ते. शशिधर वारले तेही जहाजावरच. किनारा लांब, म्हणून देह समुद्राला दिला. आमच्यात माणसाला मातीत ठेवतात, फूल वाहायला समाधी असते. शांतादेवींना ती जागाच नव्हती. होतं ते हे घड्याळ.

त्या रात्री आठ वाजता त्यानं आठ ठोके दिले. सगळे खूश! साडेआठला एकच. नऊला दोन. आता काय म्हणावं? दुसऱ्या दिवशी भर दुपारी चारला पुन्हा आठ पडले. पुजारी अमरेश डुलकी काढत होता. आमची आरती रात्री आठची. तो दचकून उठला आणि त्यानं घंटाच धरली.

"आरं, उन्हात कसली आरती लावलीस?" शेजारच्या चिमणाबाई रस्त्यावरून ओरडल्या.

"घड्याळानं सांगितलं की!"

शिवाजी पेठेतल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गुंडूनं ते उघडून बघितलं. "बिघडलेलं काय बी न्हाय. काटं बरोबर, ठोकं येडं. आतली ठोक्याची हातोडी काढतो, गप बसंल."

"एक तर गप बसवा, न्हाईतर उतरवा," अमरेश म्हणाला.

शांतादेवी हळूच म्हणाल्या, "मुकं झालं तर ह्यांचं मागं राहिलं काय?"

तरी पुढच्या सोमवारी कीर्तन झाल्यावर हातोडी काढायचं ठरलं. गुंडू पेचकस घेऊनच कीर्तनाला बसला. सातला सहा ठोके पडले, माझी झांज त्यांच्या मागं गेली, ताल सुटला. आक्का गाता गाता थांबल्या.

"शांताबाई, घरी हे वाजलं की शशिधर काय करायचे हो?"

"आठ पडले की उठायचे. दुपार असो, रात्र असो. अर्ध्या ताटावरून सुद्धा. म्हणायचे, 'सुटलो!' मला वाटायचं, चेष्टा करतात."

शिरोलीच्या फौंड्रीत पाळीनं जाणारा जोतीराम मृदंगावरचा हात उचलून म्हणाला, "आवो, मग ह्यो पाळीचा भोंगा हाय! आठ म्हंजे पाळी सुटली. चारला, आठला, बाराला."

"आणि मधले ठोके?" अमरेश.

"अर्ध्या अर्ध्या तासाला येक वाढवत पाळी किती झाली त्ये मोजत असंल. मला काय ठावं, मी कुठं जहाजावर गेलतो?"

आक्का घड्याळाकडं वळल्या. "शशिधरांची शेवटची पाळी सुटली तेव्हा तिथं आठ ठोके कुणी दिले असतील का?"

"कुणास ठाऊक," शांतादेवी म्हणाल्या.

"मग आपण देऊ."

कीर्तन पुन्हा सुरू झालं, ते संपता संपता आठ वाजले. टण-टण, टण-टण, जोडीजोडीनं. प्रत्येक जोडीला मी झांज दिली, जोतीरामानं थाप. शांतादेवी उठल्या, वेणीतलं फूल काढून घड्याळाखाली ठेवलं आणि तिथंच टेकून बसल्या. गुंडूनं पेचकस खिशात घातला.

अमरेश आता मोबाईल बघून आरती करतो. साडेआठला एक का, हे मला अजून धड उमगलेलं नाही. तुम्ही तेवढं करा, मठावरून जाताना आठ ठोके ऐकू आले तर वेळ बघू नका, आमच्या शशिधरांची आठवण काढा.