बाराव्या मिनिटाला मला थांबवा

मी तेलाचा एक पडदा बोलतोय. खिडकीला लावतात तो नव्हे. तो फाटायला वर्षं जातात, मला काही मिनिटं पुरतात. मी भित्रा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. सगळं ऐकल्यावर हसायचं तर खुशाल हसा.

माझा जन्म एका प्लॅस्टिकच्या पिंपात झाला. केमिस्ट मॅडमनी आधी रॉकेलसारखं पातळ तेल ओतलं, त्यात धातू पकडणारं एक औषध आणि साबणाच्या जातीचं दुसरं. मग आम्ल घालून मला असं गरागरा फिरवलं, की मी पांढराफटक झालो. आम्लाचे बारीक थेंब माझ्या पोटात बसले आणि मी त्यांच्याभोवती सालीसारखा ताणला गेलो.

माझं काम हमालाचं. आमच्या कारखान्यात लोखंडी सुट्या भागांवर कॅडमियमचा मुलामा देतात. ते भाग धुतलेलं पाणी माझ्या टाकीत येतं. दिसायला नितळ, ना रंग ना वास, पण रोज पोटात गेलं तर माणसाच्या मूत्रपिंडांची वाट लावणारं. टाकीतला पंखा सावकाश फिरतो, मी थेंबाथेंबानं त्या पाण्यात हिंडतो, कॅडमियम उचलतो आणि पोटातल्या आम्लात नेऊन टाकतो. बारा मिनिटांत पाणी साफ. पंखा थांबला की मी वर तरंगतो, खालचं पाणी नाल्यात सोडतात. मग मला पलीकडच्या टाकीत नेऊन विजेनं फोडतात. धातू घेऊन आम्ल खाली बसतं, तेल वर उरतं, आणि त्याच तेलातून मी पुन्हा जन्मतो.

तिथं फुटायला माझी ना नाही. भीती आहे ती पहिल्या टाकीत फुटायची. पोटात सगळं विष गोळा झालेलं आणि भोवती नुकतंच साफ झालेलं पाणी! म्हणून मॅडमनी भिंतीवर कार्ड चिकटवलं होतं: 'बारा मिनिटं. पंखा हळू.' फक्त त्यामागचं कारण लिहायचं राहिलं.

टाकी मामा चालवायचे. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. माणूस असा टापटिपीचा, की हात कोपरापर्यंत तीनदा धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. 'घासावं तेवढं कमीच,' हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यांची एकुलती एक लेक नाल्याच्या खालच्या अंगाला राहते. तिला सातवा महिना लागलेला. नाल्याकाठी विहीर आहे, पण मामांनी तिला त्या पाण्याला कधी हात लावू दिला नव्हता. माझी टाकी सुरू झाली, पहिले रिपोर्ट चांगले आले, तेव्हा त्यांनीच फोन करून सांगितलं, "आता लांबून पाणी आणत बसू नकोस, बाळा. विहिरीचं पी. इथं तुझा बाप बसलाय."

मग मॅडम तीन आठवडे रजेवर गेल्या, आईच्या ऑपरेशनसाठी. पहिल्याच दिवशी मामांनी बाराव्या मिनिटाला नियमाप्रमाणे नमुन्याची बाटली भरली, झाकण लावलं. आणि पंखा बंद करायच्या ऐवजी वाढवला.

"पोरीच्या घरचं पाणी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "अजून अर्धा तास फिरू दे. जास्त घुसळलं तर जास्तच साफ होईल."

मामा, नका हो! पण मला तोंड कुठलं? विसाव्या मिनिटाला बाहेरचं पाणी माझ्या आत शिरू लागलं, मी टम्म फुगलो. तिसाव्या मिनिटाला साल कुठंकुठं फाटली. जे एकेक करून वेचलं होतं, ते भसाभस बाहेर गेलं. पाणी किंचित गढूळ झालं. मामांनी काचेतून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "साबणाचा फेस असणार."

रोज हेच. रोज बाटली बाराव्या मिनिटाची, रोज रिपोर्ट उत्तम, आणि रोज नाल्यात सुटणारं पाणी बेचाळिसाव्या मिनिटाचं. मामा आळशी असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं! बारा मिनिटं झाली की बटण दाबून विडी ओढायला गेले असते. पण डोळ्यांत तेल घालून उभे राहिले, आणि तेलाला काय होतंय तेच त्यांना दिसलं नाही. कुणाला बोल लावू? अति तिथं माती म्हणतात, इथं तर माया अति झाली.

मॅडम परतल्या त्या दिवशी त्यांनी आधी पलीकडच्या टाकीतलं आम्ल तपासलं. मग पुन्हा तपासलं.

"मामा, यात कॅडमियम निम्मंसुद्धा नाही. मग गेलं कुठं?"

"पाणी तर एक नंबर आहे, मॅडम. रिपोर्ट बघा की. मी तर वर अर्धा तास जास्तच फिरवतो."

मॅडमचा चेहरा उतरला. "बाटली कधी भरता? आधी की नंतर?"

"आधी. बाराव्या मिनिटाला. कार्डावर बाराच लिहिलंय ना..."

मॅडमनी धावत जाऊन नाल्याचा व्हॉल्व्ह बंद केला. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "का थांबायचं, ते लिहायला हवं होतं." मामांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी फोन लावला होता.

"बाळा, घरातलं सगळं पाणी ओतून दे. आत्ता. विहिरीचा एक थेंबही तोंडात घालू नकोस."

"का हो बाबा? तुम्हीच तर म्हणालात, पी म्हणून."

मामा फोन न ठेवताच तिला दवाखान्यात न्यायला निघाले.

लेकीची तपासणी झाली, विहिरीला कुलूप लागलं. रिपोर्ट आज यायचाय. मला नव्यानं बनवलंय, पण तेल तेच आहे आणि भीतीही तीच. आता बाटली पंखा थांबल्यावर, नाल्यात सुटणाऱ्या पाण्याचीच भरतात. कार्ड मोठं झालंय, त्यावर कारणही आहे. मामा घड्याळावरची नजर काढत नाहीत.

आत्ता अकरावं मिनिट चालू आहे. त्यांच्या खिशातला फोन वाजतोय. त्यांनी तो काढला, नाव पाहिलं. लेकीचं. मामा, उचलू नका, नाहीतर मला विसराल! पण उचलू नका असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

फोन वाजून वाजून बंद पडला. बारा. मामांनी बटण दाबलं.

पंखा थांबला. मी हळूहळू वर येतोय, अख्खा. त्यांनी बाटली भरली, हात पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडे घंटी वाजतेय. आता कुणी टाकीला धक्कासुद्धा लावू नका. मलाही ऐकायचंय.