अंदाजे, साखऱ्याच्या अंगाला

आकांक्षानं मेंढपाळांच्या ॲपमध्ये लोकेशनची लायब्ररी, म्हणजे जागा सांगणारा तयार कोड, जोडली आणि ती पहिल्याच झटक्यात चालली. असं सहसा होत नाही. या तयार लायब्रऱ्या लग्नघरच्या पाहुण्यांसारख्या असतात. एकीला बोलावलं की दुसरी रुसते, आणि तिची समजूत काढता काढता तिसरीच निघून जाते. पण आकांक्षा पुण्यात राहून हेच काम शिकून आलेली. कुठल्या आवृत्तीचं कुठलीशी पटतं हे तिनं आधीच बघून ठेवलं होतं. फोनकडे जागा विचारायची परवानगी लिहिली, ॲप चालू केलं, आणि निळा ठिपका औंढ्यात, मंदिराच्या रस्त्यावर, प्रसादाच्या दुकानांवरच्या तिच्या खोलीवरच येऊन बसला.

"बसला बराबर!" शिवप्रसाद खुर्चीतून उठला. मेंढपाळांनी मिळून काढलेल्या कंपनीचा हा मॅनेजर. त्याच्या डोक्यातल्या खतावणीत दोनच पानं होती: वरच्या साहेबांना दाखवण्याजोगं आणि न दाखवण्याजोगं. "मॅडम, सगळ्यांचे कळप एकाच नकाशावर आणा. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर सगळा जिल्हा! साहेब खूश."

आकांक्षालाही ते आवडलं. नकाशा कुणाला आवडत नाही? तिनं तो एका दुपारीत करून टाकला.

खरं काम मात्र एका बटणाचं होतं: 'डॉक्टर बोलवा'. मागच्या हंगामात काढलेल्या सोयाबीनच्या रानात पंचफुलाबाईच्या मेंढ्यांनी सांडलेले दाणे खाल्ले, पोटं फुगली, आणि जनावरांच्या डॉक्टरची, शिवशंकरची, गाडी 'त्या लिंबाच्या पुढं, नाल्याच्या अलीकडं' शोधत फिरत राहिली. गाडी पोचली तोवर चांगल्या चांगल्या मेंढ्या गेल्या होत्या. पंचफुलाबाई साखऱ्याची, कारभारी शांत माणूस, कळप हिचाच. तिचा शब्द बाकीच्या वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या तळांवर, चालायचा. बैठकीत तिनं आकांक्षाला सगळ्यांसमोर सांगितलं, "माय, यंदा डॉक्टर येळेवर आला तर तुझं ॲप आमी ठिवू. न्हाई आला तर सगळ्यांना काढाय लावीन. मंग तू परत पुन्याला जा." म्हणजे आकांक्षाच्या हिंगोली जिल्ह्यात राहण्याचा फैसला आता या बाईच्या फोनवर होता.

ॲप वाटायच्या दिवशी मंडळी जमली. फोननं प्रत्येकाला विचारलं: जागा अचूक सांगू की अंदाजे? बैठकीतल्या झाडून सगळ्यांनी अंदाजेवर बोट ठेवलं.

"अचूक दाबा," आकांक्षा म्हणाली. "त्यानं डॉक्टरला नेमकी जागा कळते."

"व्हय व्हय," म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा अंदाजे दाबलं. मराठवाड्यात नकाराला आवाज नसतो, हे आकांक्षा पुण्यात राहून जरा विसरली होती.

दुसऱ्या दिवशी नकाशावर कळप दिसले ते पाण्यात पडलेल्या तेलासारखे. पंचफुलाबाईचा गोल तर एवढा ऐसपैस, की त्यात गावं, शिवारं आणि एक तळंही आरामात मावत होतं. डॉक्टर शिवशंकरनं तो बघून विचारलं, "यात मी मेंढरं शोधू की मासे?"

शिवप्रसादचं म्हणणं, अडाणी लोक आहेत, बटण कळलं नाही. आकांक्षाला ते पटेना. जी माणसं शंभर मेंढरांतून आपलं कोकरू नजरेनं उचलतात, त्यांना दोन बटणांतला फरक कळत नाही? चूक असती तर दोघा-चौघांनी तरी चुकून अचूक दाबलं असतं. सगळेच चुकतात तेव्हा ती चूक नसते, ठराव असतो. तिनं स्कूटी काढली.

पंचफुलाबाईचा वाडा औंढ्याबाहेर, जिंतूरच्या रस्त्याला एका शेतात उतरला होता. आकांक्षा टेकते न टेकते तोच बाईचा फोन वाजला. दीर होता, खेमा. त्याचाही कळप याच भागात फिरायचा.

"व्हय भाऊजी... मी? मी साखऱ्याच्या अंगाला हाय. तिकडंच... बरं बरं, जेवलाव का?"

फोन ठेवला. साखरा तिथून दुसऱ्या तालुक्यात.

"मावशी, काहून खोटं बोलल्या?"

"खोटं कुठं? अंदाजे सांगितलं." पंचफुलाबाई हसली. "आगं, या शेतवाल्यानं मला मेंढरं बसवाय बोलावलं. रातभर मेंढरं बसली की त्याला लेंडीखत, आमाला धान्य. पुढच्या शेताचं बी बोलणं चालू हाय. भाऊजीला कळलं की उद्या सकाळी त्येची मेंढरं तितं उभी! लई माया हाय त्येची माझ्यावर, पर रान त्येला दिसू न्हाई."

"पण ॲपमध्ये तर—"

"तुझ्या ॲपमंदी भाऊजी मला बघून राहिला, मी भाऊजीला. आमी काय येडे हाव?"

आकांक्षाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणसं डॉक्टरपासून लपवत नव्हती, एकमेकांपासून लपवत होती. आणि सगळ्यांची रानं सगळ्यांना दाखवायची सोय तिनंच हौसेनं करून दिली होती. लायब्ररीचा दोष नाही. लायब्ररी विचारेल तेवढंच सांगते. तिला काय विचारावं आणि उत्तर कुणाच्या हाती द्यावं, हे जोडणाऱ्यानं ठरवायचं असतं.

त्याच संध्याकाळी तिनं सगळ्यांचा नकाशा काढून टाकला.

"मॅडम, तेच तर दाखवण्यासारखं होतं!" शिवप्रसाद कळवळला.

"तुमच्या साहेबांची मेंढरं किती?"

"एक बी न्हाई."

"मग त्यांना नकाशा कशाला?"

आता ॲप एरवी जागा विचारतच नव्हतं. 'डॉक्टर बोलवा' दाबलं तरच विचारायचं, तेही त्या वेळेपुरतं; अचूक जागा एकट्या डॉक्टरच्या फोनवर जायची आणि इलाज झाला की पुसली जायची. आकांक्षानं हे वाड्यावाड्यावर जाऊन, दोन फोन शेजारी धरून, करून दाखवलं. पंचफुलाबाईनं खेमाचा फोन स्वतःच्या हातानं तपासला. त्यात काही दिसत नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाली, "बघू."

बघायची वेळ आठवड्याच्या आतच आली. दुपारी शेजारच्या मळणीच्या ढिगात मेंढ्या घुसल्या आणि पोटं फुगायला लागली. आकांक्षा ऑफिसात डॉक्टरशेजारीच बसली होती. त्याचा फोन वाजला. पंचफुलाबाई. खाली जागा: अचूक. ठिपका सुईच्या टोकाएवढा.

शिवशंकर औषधाची पेटी घ्यायला धावला. तेवढ्यात आकांक्षानं त्याच्या फोनवर नकाशा मोठा केला. ठिपका शेतात नव्हताच, डांबरी रस्त्यावर होता. आजूबाजूला ना मेंढरू ना वाडा. लायब्ररी चुकली? की जुनीच जागा आली? तिनं वेळ तपासली, नोंद तपासली. सगळं ताजं आणि बरोबर होतं. डॉक्टर आपला फोन घेऊन गाडीनं सुटला, तरी तिनं पंचफुलाबाईला फोन लावला.

"मावशी, तुम्ही रस्त्यावर काय करून राहिल्या?"

"मंग काय करू? चारचाकी ढेकळांतून येती व्हय? पोराला मेंढरापाशी ठिवलं, मी रस्त्यावर येऊन बटन दाबलं. डॉक्टर दिसला की पाऊलवाटेनं घिऊन जाईन." मग आवाज खाली आला. "आन् रान कुनाचं, ते डॉक्टरला बी कशाला?"

आकांक्षा मोठ्यानं हसली. सगळं काही अचूक होतं, बाईला पाहिजे तिथं.

गाडी थेट पंचफुलाबाईपाशी जाऊन थांबली. मेंढ्यांना औषध पाजलं, पोटं उतरली. एकही गेली नाही. अंधार पडायच्या आत तिचा फोन आला.

"माय, ॲप राहू दे. समद्यांना सांगितलं म्या."

"मग मी पुण्याला जाऊ नको ना?"

"जाती कुठं? काम बाकी हाय. मी रस्त्यावर हुबी व्हते तवा डॉक्टर कुठवर आला ते कळंना. त्येची गाडी मला दिसाय पाहिजे. मधी चहाला थांबला तर त्ये बी."

आकांक्षानं स्पीकर चालूच ठेवला होता. समोर नुकताच परत आलेला डॉक्टर शिवशंकर हात पुसत उभा होता.

"मॅडम," तो घाईघाईनं म्हणाला, "मी काय मेंढरू आहे का?"

"नाही डॉक्टरसाहेब," आकांक्षानं लॅपटॉप उघडला. "मेंढरांचं लोकेशन कुणी देत नाही."