हातमोज्यातला हात

पक्षाघाताने पुंजारामचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा अमरावतीच्या संशोधन केंद्राने त्याला सेन्सरचा हातमोजा दिला. नांदगाव खंडेश्वरहून त्याच्या बोटांच्या व्यायामाचा आलेख रोज केंद्रातल्या रश्मी मॅडमच्या मोबाइलवर येई. तो असा भराभर चढला, की मॅडम शहानिशा करायला थेट घरी आल्या. पाहतात तर पुंजाराम खुशाल टीव्ही बघतोय आणि बायको कौशल्या त्याचं एकेक बोट मिटतेय, उघडतेय.

"त्यायले कायले तरास?" ती म्हणाली.

मॅडमनी तिला बाजूला बसवलं. पुंजारामने पाणी मागितलं. कोणी उठेना. शेवटी चिडून त्याने तोच मोज्यातला हात लांबवला आणि उजवीकडच्या स्टुलावरचा पेला थरथरत उचलला.

आलेखावर जेमतेम टेंगूळ उमटलं.

"लगन झाल्यापासून पयल्यांदाच," कौशल्या म्हणाली, "आपल्या हातानं पानी घेतलं त्यायनं."